माहिती चौकट : वाशीम जिल्ह्यातल्या अनसिंगच्या आईवडिलांनी विचारायचे कुठे?

नेमके काय? जन्मावेळी नोंदलेले लिंग आणि मनाला जाणवणारा लिंगभाव जुळत नाही, त्यातून होणारी घुसमट म्हणजे ‘जेंडर डिस्फोरिया’. निदानासाठी किमान ६ महिने लक्षणे व त्यांचा ठळक त्रास असावा लागतो. फ्रॉक घालताना रोज रडारड हे एक उदाहरण. एखाद्या दिवशीची हौस म्हणजे निदान नव्हे.

काय नव्हे?
• लैंगिक कल : कोणाविषयी ओढ वाटते, ही वेगळी बाब.
• आंतरलिंगी : शरीररचनेतला जन्मजात फरक.

आजार? जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२पासून लागू वर्गीकरणात हा विषय मानसिक विकारांत नाही.

कोणाकडे जावे?
• टेलिमानस १४४१६ : मोफत, २४ तास, मराठीतही.
• चाइल्डलाइन १०९८ : मूल संकटात असल्यास.
• जवळचे ठिकाण : वाशीमचे जिल्हा रुग्णालय. पुढे अकोला, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत मनोविकार विभाग.
• ‘स्वीकार – द रेनबो पेरेंट्स’ : अशा मुलांच्या पालकांचा, २०१७मध्ये मुंबईत सुरू झालेला गट.

पारख
• मनोविकारतज्ज्ञ : वैद्यक परिषदेची नोंदणी.
• चिकित्सा मानसशास्त्रज्ञ : भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी.
• ‘मूल बदलून देतो’ असा दावा : अशी ‘कन्व्हर्जन थेरपी’ राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवली.

कायदा
• १५ एप्रिल २०१४ : ‘नालसा’ निकाल, तृतीयपंथीयांच्या (जन्मावेळच्या लिंगाशी लिंगभाव न जुळणाऱ्यांच्या) हक्कांना सर्वोच्च न्यायालयाची मान्यता.
• तृतीयपंथीयांच्या हक्कांचा २०१९चा कायदा, कलम १२ : केवळ तृतीयपंथी आहे म्हणून मुलाला आईवडिलांपासून तोडता येत नाही, अपवाद न्यायालयाच्या आदेशाचा.