मेंढ्याचा बांबू आणि दिल्लीतली दोन मंत्रालयं

दिल्लीतला कारभार म्हटला की संसद भवन, नॉर्थ ब्लॉक, साउथ ब्लॉक डोळ्यांसमोर येतात. आज आम्ही तो दुसऱ्या टोकाकडून, गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातून दाखवणार आहोत.

लेखाजवळचं मेंढा हे गोंडांचं छोटं गाव. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा तुम्ही ऐकली असेल. दिल्लीचं सरकारही ते आपलंच मानतात. प्रश्न एवढाच, की कोणी काय ठरवायचं?

संसदेनं 2006 मध्ये वनहक्क कायदा केला. त्यात बांबू हे गौण वनोपज आहे, म्हणजे गोळा करून विकण्याचा हक्क गावाचा. 2009 मध्ये मेंढ्याला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. मग झालं की काम! पण नाही.

1927 च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होती. आणि दिल्लीत हे दोन कायदे दोन मंत्रालयांकडे. वनहक्क कायदा आदिवासी कार्य मंत्रालयाकडे, तेव्हा शास्त्री भवनात. वन कायदा पर्यावरण व वन मंत्रालयाकडे, तेव्हाच्या लोदी रोडवरच्या पर्यावरण भवनात. शिवाय बांबू जंगलाबाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना लागायचा, आणि तो तेव्हा वनखात्याच्या हातात होता. परवाना नाही तर ट्रक हलत नाही. ट्रक हलला नाही तर गिऱ्हाईक येत नाही. हक्क गावाचा, पावतीपुस्तक खात्याचं!

मार्च 2011 मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं, की बांबू गौण वनोपज माना. 27 एप्रिलला ते आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्यात आले आणि वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेला दिलं. पुढे 2012 च्या सुधारित नियमांनी हीच रीत देशभर घालून दिली: गौण वनोपजाचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या समितीनं किंवा ग्रामसभेनं नेमलेल्या माणसानं द्यायचा.

म्हणून आमचं सांगणं असं. एखादा हक्क मिळाला असं ऐकलं, की तीन गोष्टी विचारा: कायदा कोणता, तो कोणत्या मंत्रालयाकडे, आणि शेवटची पावती कोण फाडतो? मेंढ्याचं घोडं तिसऱ्या प्रश्नापाशीच अडलं होतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.