मेंदूचें शास्त्र आणि पदवीचा विद्यार्थी

मनुष्यानें ताऱ्यांचीं अंतरें मोजलीं, समुद्राचा तळ धुंडाळला, अणूचें पोट फोडलें. परंतु हें सारें ज्या अवयवाच्या साह्यानें केलें, त्याचें स्वतंत्र शास्त्र मात्र फार उशिरां उदयास आलें. मेंदूचें वजन दीड किलोग्रॅमहूनही कमी, म्हणजे शरीराच्या वजनाचा सुमारें पन्नासावा हिस्सा. तरी शरीर स्वस्थ असतां खर्च होणाऱ्या शक्तीचा जवळजवळ पांचवा भाग हा एकटा अवयव घेतो. त्यांत मज्जापेशी आहेत सुमारें ८६ अब्ज. अशा या अवयवाचा अभ्यास पूर्वीं डॉक्टर, शरीरशास्त्रज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ आपापल्या घरीं निरनिराळा करीत. या सर्वांस एका छपराखालीं आणणारी ‘सोसायटी फॉर न्यूरोसायन्स’ ही संस्था अमेरिकेंत १९६९ सालीं स्थापन झाली. आणि मॅसॅच्युसेट्स संस्थानांतील अ‍ॅम्हर्स्ट कॉलेजानें १९७३ सालीं पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीं या विषयाचा अभ्यासक्रम सुरू केला. अशा अभ्यासक्रमांत तो अगदीं आरंभींचा होय. आज त्या देशांतील शंभरांहून अधिक महाविद्यालयांत न्यूरोसायन्सची पदवी मिळते.

या पदवीकडे वळणारा विद्यार्थी बहुधा अठरा वर्षांचा असतो. स्वप्नें कां पडतात, राग कोठून येतो, आठवण म्हणजे काय, असल्या प्रश्नांनीं त्याचें मन वेधलेलें असतें. कित्येकदां घरांत स्मृतिभ्रंश जडलेली आजी असते किंवा फेपरें येणारा भाऊ असतो, आणि आपल्या हातून त्या दुःखावर कांहीं उपाय निघावा ही ओढ त्याला या विषयाकडे आणते. आईबापांपुढील प्रश्न निराळा असतो: चार वर्षें आणि मोठा पैसा खर्चून मुलाच्या हातीं काय लागणार? दोन्ही प्रश्न खरे आहेत. त्यांचें उत्तर मिळण्यास या अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष काय शिकवितात, हें आधीं नीट पाहिलें पाहिजे.

पहिल्या वर्षीं विद्यार्थ्याची पुष्कळदां निराशा होते. मनाचीं रहस्यें ऐकावयास आलेल्या त्या तरुणाला रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित आणि मानसशास्त्राचीं मूलतत्त्वें यांच्या वर्गांत बसावें लागतें. पुढें मेंदूचा विषय निघतो, तोही सोडियम आणि पोटॅशियम यांच्या गोष्टीनें! स्वप्नांचा कोठें पत्ता नसतो. येथें कित्येकांचा धीर सुटतो. परंतु ही वाट कोणीं मुद्दाम लांबविलेली नाहीं. ती लांब कां आहे, हें एका उदाहरणावरून ध्यानांत येईल.

बोटाला चटका बसला कीं त्याची वार्ता मेंदूकडे जाते. ही वार्ता म्हणजे काय? इटलींतील बोलोन्या येथील गाल्व्हानी यांनीं मेलेल्या बेडकाचा पाय विजेच्या स्पर्शानें झटका देतो हें पाहिलें, आणि प्राण्यांच्या शरीरांत वीज वावरते असें आपलें मत १७९१ सालीं प्रसिद्ध केलें. पुढें जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्स यांनीं १८५० सालीं बेडकाच्या मज्जातंतूंतून जाणाऱ्या वार्तेची गति मोजली. ती सेकंदाला सुमारें २७ मीटर भरली. तांब्याच्या तारेंतून जाणारा विजेचा संदेश याच्या कितीतरी पट वेगानें धांवतो. तेव्हां मज्जातंतूंतील वार्ता ही तारेंतल्यासारखी साधी वीज नव्हे, हें उघड झालें. मग ती आहे तरी काय, याचा उलगडा होण्यास आणखी एक शतक लागलें, आणि त्या कामीं एका समुद्रजीवाचें साह्य झालें.

कोंकणच्या किनाऱ्यावर ज्याला म्हाकूळ म्हणतात, त्या जातीच्या प्राण्याच्या अंगांत एक मज्जातंतु कधीं कधीं एक मिलिमीटरपर्यंत जाड असतो. मनुष्याचे बहुतेक मज्जातंतु याच्या मानानें शेंकडों पटींनीं बारीक आहेत. या जाड तंतूच्या पोटांत विजेचा दाब मोजणारी बारीक नळी सरकवितां येते. इंग्लंडांतील प्लिमथ येथें अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या दोघांनीं १९३९ सालीं तसें केलें. इतक्यांत महायुद्ध सुरू झालें आणि काम थांबलें. युद्ध संपल्यावर तें पुन्हां हातीं घेऊन त्यांनीं १९५२ सालीं आपली पूर्ण उपपत्ति मांडली.

आजच्या भाषेंत ती अशी सांगतां येईल: तंतूच्या आंत पोटॅशियम अधिक असतें, बाहेर सोडियम अधिक असतें, आणि दोहोंमध्यें एक अत्यंत पातळ पापुद्रा असतो. तंतु स्वस्थ असतां आंतली बाजू बाहेरच्या मानानें सुमारें ७० मिलिव्होल्ट ऋण असते. तंतूला चेतना मिळतांच पापुद्र्यांतील सोडियमचीं दारें उघडतात, सोडियमचे विद्युद्भारित कण आंत घुसतात, आणि क्षणभर आंतली बाजू धन होते. लागलीच तीं दारें मिटतात, पोटॅशियमचीं दारें उघडतात आणि पहिली स्थिति परत येते. हें सारें सेकंदाच्या सुमारें हजाराव्या भागांत उरकतें. तोंच शेजारच्या भागांत तोच खेळ सुरू झालेला असतो. वाळलेल्या गवताच्या रांगेला एका टोंकाला लावलेली आग पुढें पुढें सरकते, तशीच ही वार्ता सरकते. भेद इतकाच कीं गवत जळून जातें, आणि तंतु मात्र कांहीं क्षणार्धांत पुन्हां तयार होतो.

आतां या एका गोष्टीसाठीं किती शास्त्रें लागलीं तीं मोजावीं. प्राणी निवडण्यास जीवशास्त्र लागलें, कणांची हालचाल समजण्यास रसायनशास्त्र लागलें, दाब मोजण्यास भौतिकशास्त्र लागलें, आणि सर्वांची सांगड घालण्यास गणित लागलें. हक्सली केंब्रिजला गेले ते भौतिकशास्त्राच्या हेतूनें. तेथील नियमाप्रमाणें आणखी एक शास्त्र घेणें भाग होतें, म्हणून त्यांनीं शरीरक्रियाशास्त्र घेतलें, आणि त्या जोडविषयानेंच त्यांना आपल्या आयुष्याचें कार्य मिळालें. पुढें समीकरणें सोडविण्याची वेळ आली तेव्हां विद्यापीठाचें संगणकयंत्र उपलब्ध नव्हतें. म्हणून हातानें फिरवावयाच्या यंत्रावर त्यांनीं तीं पायरीपायरीनें सोडविलीं. १९६३ सालच्या नोबेल पारितोषिकांत या दोघांचा वांटा होता. पहिल्या वर्षीं गणिताच्या वर्गांत जांभया देणाऱ्या विद्यार्थ्याला ही हकीगत अवश्य सांगावी.

तथापि या शास्त्रांत मनाच्या प्रश्नांना जागाच नाहीं, असें मात्र नव्हे. अमेरिकेंत हेन्री मोलेसन या सत्तावीस वर्षांच्या तरुणावर, त्याचें फेपरें बरें करण्याकरितां, १९५३ सालीं शस्त्रक्रिया झाली. मेंदूच्या दोन्ही बाजूंचा कानशिलामागील आंतला भाग काढून टाकला. झटके पुष्कळ कमी झाले. पण त्या दिवसापासून नवी आठवण त्याच्या मनांत टिकेना. भेटलेला मनुष्य दाराबाहेर जाऊन परत आला कीं तो त्याला अनोळखी! ब्रेंडा मिल्नर या विदुषीनें त्याला आरशांत पाहून ताऱ्याची आकृति गिरविण्यास दिली. हें काम प्रथम कोणासही अवघड जातें. मोलेसनचा हात दिवसेंदिवस सुधारत गेला. मात्र असें काम आपण पूर्वीं कधीं केलें आहे, हें त्याला दर वेळीं नवीनच वाटे. यावरून असें सिद्ध झालें कीं ‘स्मृति’ या एका शब्दाखालीं निदान दोन निरनिराळ्या शक्ति नांदतात: एक गोष्ट आठवण्याची आणि दुसरी हाताला वळण लावण्याची. आठवण म्हणजे काय, हा विद्यार्थ्याचा मूळ प्रश्न येथें प्रथमच हाताशीं येतो. परंतु तो येतो एका साध्या, नेमक्या चाचणीच्या रूपानें. तो तरुण २००८ सालीं वृद्धापकाळीं वारला. त्याच्या एकट्याच्या दुर्दैवानें साऱ्या शास्त्राला जें मिळालें, त्याचें ऋण प्रत्येक वर्गांत मानलें जातें.

तिसरें शिक्षण संख्याशास्त्राचें. डोकें न उघडतां मेंदूच्या व्यापाराचीं चित्रें घेणारीं यंत्रें आतां आहेत. वर्तमानपत्रांत रंगीत ठिपके दाखवून ‘हें प्रेमाचें स्थान’, ‘हें लोभाचें स्थान’ असें छापून येतें. २००९ सालीं कांहीं अमेरिकन संशोधकांनीं अशाच एका यंत्रांत बाजारांतून आणलेला मेलेला सामन मासा ठेविला, त्याला माणसांचीं चित्रें दाखविलीं, आणि चित्रांतील माणसांची भावना कोणती असा प्रश्नही रीतसर विचारला. नेहमींच्या सैल पद्धतीनें हिशेब केला तेव्हां मेलेल्या माशाच्या मेंदूंतही व्यापार चालल्याचें दिसलें! हजारों ठिकाणीं एकदम मोजमाप केलें कीं कांहीं ठिकाणीं केवळ योगायोगानें खुणा उमटतात. त्या योगायोगाची वजावट करणारी कडक पद्धति लावतांच माशाच्या मेंदूंतील ठिपके नाहींसे झाले. ज्याला ही वजावट समजली, तो पुढें कोणत्याही रंगीत चित्रानें सहसा फसत नाहीं.

चांगल्या महाविद्यालयांत यापुढें प्रयोगशाळेचें काम असतें. विद्यार्थी मेंढीचा मेंदू कापून त्याचे भाग ओळखतात. झुरळाच्या पायांतील मज्जातंतूचे विद्युत्-स्पंद ऐकतात. आपल्याच हातावर दोन ठिकाणीं मोजमाप घेऊन वार्तेची गति काढतात. शेवटच्या वर्षीं एखाद्या अध्यापकाजवळ राहून लहानसा स्वतंत्र प्रश्न सोडवावयाचा असतो. दहा प्रयोग फसावे आणि अकरावा साधावा, हें तेथें नित्याचें. या विषयास आपला स्वभाव मानवतो कीं नाहीं, याची खरी पारख येथेंच होते. पुस्तकांवर ती होत नाहीं.

आतां आईबापांच्या प्रश्नाकडे वळूं. केवळ ही पदवी घेऊन कोणी मेंदूचा तज्ज्ञ होत नाहीं, आणि रोग्यावर उपचार करण्याचा अधिकार तर तिनें मुळींच मिळत नाहीं. संशोधन करावयाचें तर अमेरिकेंत पुढें डॉक्टरेटचीं पांच-सहा वर्षें लागतात. उपचार करावयाचे तर वैद्यकाचें वेगळें शिक्षण घ्यावें लागतें. यासाठीं अभ्यासक्रम निवडतांना त्याच्या नांवाकडे न पाहतां तीन गोष्टी विचाराव्या: गणित आणि रसायनशास्त्र पुरेसें शिकवितात काय? विद्यार्थ्याला स्वतःच्या हातानें प्रयोग करूं देतात काय? आणि संख्याशास्त्र सक्तीचें आहे काय? या तिहींचें उत्तर होकारार्थी असेल, तर पुढें मन पालटलें तरी शिक्षण वायां जात नाहीं. त्या विद्यार्थ्याला वैद्यक, औषधनिर्मिति, संगणकशास्त्र, अध्यापन अशा कित्येक वाटा मोकळ्या राहतात.

भारतांत या नांवाची पदवी अद्याप विरळा आहे. परंतु त्यामुळें दार बंद झालें असें समजण्याचें कारण नाहीं. ओबैद सिद्दिकी यांनीं अलीगढ येथें वनस्पतिशास्त्र शिकून पुढें आनुवंशशास्त्राची कास धरली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६२ सालीं त्यांनीं रेणवीय जीवशास्त्राचा विभाग उभारला, आणि पिकल्या केळ्यांभोंवतीं फिरणाऱ्या बारीक माशीवरून मज्जातंतूंचें कार्य, चव आणि वास यांचा शोध घेतला. पुण्यास २००६ सालीं निघालेल्या ‘आयसर’ या संस्थेंतही विद्यार्थी आरंभीं सर्व मूलशास्त्रें शिकतो आणि मग जीवशास्त्राच्या अंगानें मेंदूकडे वळूं शकतो. रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा भौतिकशास्त्र मन लावून शिकणारा कोणत्याही गांवचा मुलगा अथवा मुलगी या शास्त्राच्या वाटेवरच आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं असा विद्यार्थी असेल, त्यांनीं त्याच्या मनांतील मोठा प्रश्न हंसण्यावारी नेऊं नये. आजीचा विसराळूपणा पाहून या विषयाकडे वळलेल्या मुलाला, तिला आपण बरी करूं शकणार नाहीं, हें सत्य वेळींच सौम्यपणें सांगावें. पण त्याबरोबर हेंही सांगावें कीं म्हाकुळाच्या एका तंतूवर आणि ताऱ्याच्या एका आकृतीवर ज्यांनीं वर्षानुवर्षें खर्च केलीं, त्यांच्याच कामावर आजच्या उपचारांचे प्रयत्न उभे आहेत. त्या रांगेंत उभें राहण्याची ज्याची तयारी आहे, त्यानें हा विषय खुशाल घ्यावा.