दुष्काळाचे भय आणि केडगावच्या विहिरी

विहिरीने तळ गाठला की घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. कृषी खात्याच्या नोकरीत अशी घरे मी पुष्कळ पाहिली. २०१२ च्या दुष्काळात एका वस्तीवर गेलो होतो. मोसंबीची बाग वाळत चाललेली, दावणीला दोनच जनावरे उरलेली. मालक म्हणाले, "साहेब, पाण्याचं काय व्हायचं ते होईल. पण रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, त्याला काय औषध?" माझ्या पिशवीत आच्छादनाची, ठिबकची पत्रके होती. या प्रश्नाचे पत्रक नव्हते.

परतताना वाटेत मला पंडिता रमाबाई आठवल्या. मी ख्रिस्ती घरात वाढलो. रमाबाईंच्या गोष्टी आजी सांगायची, त्या तेव्हा चमत्कारासारख्या वाटत. शेतीचे शिक्षण झाल्यावर पुन्हा वाचल्या, तेव्हा त्यांतल्या विहिरी, जनावरे, भाजीचा मळा डोळ्यांत भरू लागला.

वाचकहो, या बाईंना दुष्काळ पुस्तकातून कळलेला नव्हता. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. पुराण सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला, तशी दागिने गेले, भांडी गेली. अंगमेहनतीची सवय नाही आणि हात पसरायची लाज. अखेर तिरुपतीजवळच्या रानात झाडपाला खाऊन आणि पाणी पिऊन त्यांनी अकरा दिवस काढले. १८७४ साली वडील गेले. मागोमाग आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या होत्या. त्या आणि भाऊ श्रीनिवास पायी देश तुडवीत राहिले. झेलम नदीच्या काठी थंडीत पांघरूण नव्हते, म्हणून वाळूत खड्डे खणून दोघांनी गळ्यापर्यंत वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. पुढे १८८० साली भाऊ वारला, १८८२ साली पती पटकीने गेले. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि १८८९ साली मुंबईत विधवा मुलींसाठी शारदा सदन काढले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास आले.

खरी परीक्षा १८९६ च्या दुष्काळात झाली. मध्य प्रांतात माणसे उपासमारीने मरत होती. बातम्या ऐकून आपल्या आईबापांचे शेवटचे दिवस डोळ्यांपुढे आले आणि जीव व्याकुळ झाला, असे रमाबाईंनी स्वतःच सांगितले आहे. जो भुकेला एकदा भेटला आहे, त्याला तिचे भय दुसऱ्यापेक्षा अधिक असते. शिवाय पैशाची बाजू पाहा. सदनाला अमेरिकेतील मित्रांची मदत होती, पण ते आश्वासन दहा वर्षांचे, १८९८ ला संपणारे. आपल्यापैकी कोणीही शहाणा माणूस म्हणेल, आहेत त्या मुली सांभाळा, नव्यांना कुठून खाऊ घालणार?

त्या सुमारास त्यांनी जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचले होते. या गृहस्थाने इंग्लंडात ब्रिस्टलला अनाथालये चालवली आणि कोणापुढे पैशासाठी हात पसरला नाही. फक्त प्रार्थना करी. आपल्या देशात असे होईल का, हा विचार रमाबाईंच्या मनात घर करून राहिला. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, तिथे ठेवायची सोय नाही. पण दौंडच्या वाटेवर केडगावला शंभर एकराचा माळ त्यांनी आधीच घेतला होता. फळबाग लावावी, तिच्या उत्पन्नावर शाळा चालावी, हा हेतू. त्या माळावर मुलींचे बिऱ्हाड पडले. तेच पुढे मुक्ती मिशन झाले.

उद्याची चिंता करू नका, असे येशू डोंगरावरच्या प्रवचनात सांगतो. शेतकी अधिकारी म्हणून मला हे वाक्य बरीच वर्षे खटकत असे. उद्याचा विचार न करणाऱ्याने बियाणे तरी कशाला राखावे? केडगावकडे पाहिल्यावर ही अढी सुटली. चिंता न करणाऱ्या या बाई विहिरी खणत होत्या, झाडे लावीत होत्या, मुलींना शेतीकाम, विणकाम, छपाई शिकवीत होत्या. वडिलांच्या घरी अंगमेहनत ठाऊक नव्हती म्हणून काय झाले, ते त्यांनी पाहिले होते. प्रार्थना पहाटे आणि काम दिवसभर. मला वाटते, भीती त्यांच्या मनातून गेली नसावी, पण कोणाला घरात घ्यायचे आणि कोणाला नाही, हे भीतीला विचारून ठरत नव्हते.

१९०० साली गुजरातच्या दुष्काळातून आणखी मुली आल्या. माणसे दोन हजारांच्या घरात, वर जनावरे आणि भाजीचा मळा. विहिरी रोज संध्याकाळी उपसून रिकाम्या होत आणि सकाळी पुन्हा पाणी आलेले असे, असे रमाबाईंनी लिहून ठेवले आहे. त्यांनी ती देवाची कृपा मानली. रात्रभर उपसा थांबला की झरे भरून येतात, हे मी शेतकऱ्यांना नेहमी सांगतो. तरीही झरा आटणारच नाही, अशी हमी भूजलाच्या कोणत्याही शास्त्राने त्या बाईंना दिली नसती. दोन हजार माणसे रोज रात्री रिकाम्या विहिरीशेजारी झोपत होती.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो. धर्माचे काही बोललो नाही, ते घर वारकऱ्यांचे. एवढी हकिकत मात्र सांगितली. मालक गप्प ऐकत होते. वहिनी उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनी विचारले, "एवढ्या पोरींच्या भाकरी थापायचं कोण?"

"त्याच पोरी," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि चहाचे आधण ठेवायला आत गेल्या. मालक उठले, पायात वहाणा सरकवल्या आणि म्हणाले, "चला साहेब, बागेतली कोणती झाडं वाचवायची अन् कोणती सोडायची, ते आज ठरवून टाकू."