मुंबईतील सार्वजनिक घरबांधणी आणि भाड्याचा प्रश्न

स्थानिक संस्थांनी घरे का बांधली नाहीत, याची चर्चा निघते तेव्हा जागेची टंचाई आणि पैशाची चणचण यांचाच उल्लेख बहुधा होतो. मुंबईचा अनुभव पाहता खरी अडचण घर बांधून झाल्यावर सुरू होते, असे म्हणावे लागते.

1896 च्या प्लेगानंतर, 1898 मध्ये, शहरसुधारणेसाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले. परंतु उठविलेल्या कुटुंबांच्या मानाने बांधलेली घरे अपुरीच पडली. 1933 मध्ये ट्रस्ट महापालिकेत विलीन होऊन त्याच्या चाळींचा भार तिच्यावर आला.

सरकारी विकास खात्याचा, म्हणजेच बीडीडी चाळींचा, इतिहास अधिक बोधप्रद आहे. 1920 मध्ये निर्माण झालेल्या या खात्याने कामगारांसाठी पन्नास हजार खोल्यांचा संकल्प सोडला होता. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे 207 चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येकीत 80 खोल्या, खोली सुमारे 160 चौरस फुटांची. कर्जाचे व्याज भाड्यातून वसूल करावे, तर ते भाडे कामगाराच्या वेतनाला पेलणारे नव्हते. तूट भरून काढण्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या गासडीमागे एक रुपया कर बसविण्यात आला. तरीही वरळीच्या हजारो खोल्या कित्येक वर्षे रिकाम्या होत्या. घरटंचाईने गांजलेल्या शहरात घरे ओस पडावीत याचे नवल वाटते खरे. पण ज्याला भाडे झेपत नाही, त्याच्या निकडीने खोली भरत नाही.

पुढे भाडे नाममात्र राहिले आणि प्रश्न उलट बाजूने उभा ठाकला. अल्प भाड्यातून दुरुस्तीचा खर्च निघत नाही. भाडे वाढवावे, तर भाडेकरूंचा, म्हणजेच मतदारांचा, रोष पत्करावा लागतो. निवडून आलेल्या संस्थेस हा निर्णय लांबणीवर टाकणेच सोयीचे वाटते. दरम्यान इमारती झिजत जातात.

त्यातच अधिकारही विखुरलेले. बीडीडी चाळी राज्य शासनाच्या, पाणीपुरवठा महापालिकेचा, 1977 पासून घरबांधणी म्हाडाकडे, आणि झोपडपट्टी पुनर्वसन 1995 मध्ये स्थापन झालेल्या निराळ्या प्राधिकरणाकडे.

ऑगस्ट 2025 मध्ये वरळीच्या 556 भाडेकरूंना 500 चौरस फुटांच्या नव्या घरांचा ताबा विनामूल्य मिळाला. त्याचा खर्च त्याच आवारातील जादा घरांच्या विक्रीतून काढावयाचा आहे. वरळीच्या जमिनीला हे साधते; जेथे जमिनीस तेवढा भाव नाही, त्या नगरपालिकांना हा मार्ग मोकळा नाही. उद्वाहक व पंप चालविण्याचा मासिक आकार तर वरळीतही कोणाला तरी भरावाच लागेल.