बेचाळीस घड्याळे आणि एक रिकामा खण

आमच्या घरी पहिल्यांदा येणारा माणूस हॉलमधल्या काचेच्या कपाटासमोर थबकतो आणि ठरलेले दोन प्रश्न विचारतो. पहिला, 'एवढी घड्याळं कशाला हो?' आणि दुसरा, 'सगळी चालतात का?' पहिल्याचे उत्तर माझ्याकडे नाही. आयुष्यभर इतरांच्या ठेवी सांभाळलेल्या माणसाला निवृत्तीनंतर स्वतःचीही काही ठेव असावी असे वाटत असेल, एवढेच मी म्हणतो. दुसऱ्याचे उत्तर मात्र लांबलचक आहे. मी ते सुरू केले की आमची ही चहा टाकायला आत निघून जाते.

घड्याळे महागडी नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. रविवारची पुरवणी चोरही वाचत असतील. निम्म्याहून अधिक एचएमटीची आहेत. 1961 साली जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगळूरला हा कारखाना निघाला आणि आमच्या पिढीच्या मनगटावर त्याने पंचवीसएक वर्षे राज्य केले. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन ही नावे उच्चारली की माझ्या वयाच्या माणसाला कुणाचे तरी लग्न नाही तर कुणाची तरी पहिली नोकरी आठवते. पुढे टायटन आली, सेलवर चालणारी चपटी, देखणी घड्याळे आली, आणि 2016 साली सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. उरलेल्यांत काही फेवर-लुबा, दोन वेस्ट एंड आणि जुन्या बाजारात हात दाखवून अवलक्षण करून घेतल्याचे पुरावे म्हणून तीन-चार 'रंगवलेली' घड्याळे. जुन्या यंत्रावर नवी झगझगीत तबकडी छापून विकण्याच्या कलेत मुंबईचे नाव सातासमुद्रापार आहे. ती तीन-चार मी मुद्दाम पुढच्या रांगेत ठेवली आहेत.

घड्याळ सांभाळायचे कसे, हे मी एक घड्याळ गमावून शिकलो. वडिलांचे सी-चीफ, फेवर-लुबाचे. 1964 साली त्यांनी ते घेतले होते आणि 1996 मध्ये ते गेले तेव्हा ते त्यांच्या मनगटावरच होते. मी बँकेतला माणूस. मौल्यवान वस्तू म्हटली की लॉकर, यापलीकडे माझी अक्कल चालली नाही. कापसात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला वर रबरबँड लावून मी ते आईच्या पाटल्यांशेजारी ठेवून दिले. लॉकरला दोन किल्ल्या लागतात, एक खातेदाराची आणि एक बँकेची. घड्याळाला द्यायची किल्ली तिसरी, आणि ती द्यायला अकरा वर्षांत कुणी गेले नाही.

2007 साली पिशवी उघडली तेव्हा आधी वास आला. पट्ट्यावर पांढरी-हिरवी बुरशी, किल्लीच्या दांडीला गंज, तबकडीवर चट्टे. आमच्या स्टेशनजवळच्या घड्याळजींनी मागचे झाकण काढले, भिंगातून बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, 'साहेब, चोरापासून वाचवलंत, हवेपासून नाही.' बंद पिशवीत मी घड्याळाबरोबर डोंबिवलीचा पावसाळाही कोंडला होता आणि कापसाने ती ओल धरून ठेवली होती. ते घड्याळ आजही कपाटात आहे, पण चालत नाही. बेचाळिसांत न चालणारे तेवढे एकच.

तेव्हापासून मी या विषयातला अर्धवट तज्ज्ञ झालो. आधी बिस्किटाचा डबा झाला. त्यात घड्याळे एकमेकांवर घासून पोलादी पट्ट्यांनी शेजाऱ्यांच्या अंगावर ओरखडे काढले. मग फोमचे खण असलेली सुंदर पेटी आणली. आपल्या दमट हवेत चार-पाच वर्षांत त्या फोमचे चिकट पीठ झाले आणि ते काढताना आमच्या हिने जे उद्गार काढले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. शेवटी ओळखीच्या सराफाकडून दागिन्यांचे जुने मखमली ट्रे आणले आणि सुताराकडून त्या मापाचे, वर काच असलेले उथळ खण करून घेतले. प्रत्येक घड्याळाला स्वतंत्र खण, तबकडी वर, कुणाचा कुणाला धक्का नाही. चाळीत वाढलेल्या माणसाला इतकी ऐसपैस जागा पाहून थोडा हेवाच वाटतो.

शत्रू एकूण चार. पहिली ओल. तिच्यावर औषधांच्या बाटल्यांत येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या. निळे मणी ओल पिऊन गुलाबी झाले की तापवून पुन्हा निळे करता येतात. मी एकदा ते पोळ्यांच्या तव्यावर केले. तो तवा आता माझा झाला आहे. मात्र हवा फार कोरडी केली तरी चामड्याचे पट्टे तडकतात. तेव्हा आर्द्रता दाखवणारा छोटा काटा कपाटात ठेवला आहे आणि तो पन्नाशीच्या आसपास राहील एवढे पाहतो. दुसरा शत्रू ऊन. पहिले कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर होते. दोन उन्हाळ्यांत त्या बाजूच्या सगळ्या पट्ट्यांचा रंग उतरला. तिसरा शत्रू लोहचुंबक. मुलाने कपाटावर गाण्याचे स्पीकर ठेवले आणि एक शहाणेसुरते कोहिनूर दिवसाला दहा-दहा मिनिटे पुढे पळू लागले. आतली केसासारखी बारीक कमान चुंबकाने भारली की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि चाक घाईने हलू लागते. घड्याळजींच्या यंत्रावरून फिरवून ते दोन मिनिटांत ताळ्यावर आले. शंका असेल तर घड्याळ होकायंत्राजवळ धरावे. घड्याळ हलवताना सुई त्याच्यामागे वळली तर समजावे.

चौथा शत्रू पोटातला. सेलची घड्याळे बंद पडली की 'बघू पुढे' म्हणून आपण ती तशीच ठेवतो आणि आतला सेल फुटून पाझरतो. वापरायचे नसेल तर सेल काढून ठेवावा, एवढा साधा नियम आहे. डांबराच्या गोळ्याही कपाटात नकोत. त्यांची वाफ काही प्लॅस्टिकना बाधते आणि जुन्या घड्याळांची काच ही काच नसून प्लॅस्टिकच असते. अर्थात त्याचा फायदाही आहे. अशा काचेवरचे चरे साध्या टूथपेस्टने घासून जातात. माझ्याकडच्या एका जनताच्या काचेवर इतके चरे होते की काटे धड दिसत नसत. एका रविवारी सकाळभर बसून, मऊ फडक्याने घासून मी ती आरशासारखी केली होती आणि घरभर दाखवत हिंडलो होतो.

एक धोक्याची गोष्ट मात्र गंभीरपणे सांगतो. 1960 च्या आधीची, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांची घड्याळे घरात असतील तर ती हौसेने उघडू नयेत. त्या रंगात बहुधा रेडियम असते. चमक गेली म्हणजे रेडियम गेले असे नव्हे. चमकणारे द्रव्य थकते, रेडियम निम्मे व्हायला सोळाशे वर्षे लागतात. माझे एक वेस्ट एंड या जातीचे आहे. त्याला सगळ्यात लांबचा खण दिला आहे आणि ते उघडायची कुणाला परवानगी नाही.

किल्लीच्या घड्याळांना किती वेळा किल्ली द्यावी, यावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, महिन्यातून एकदा चालवा, नाही तर तेल गोठते. दुसरा म्हणतो, हल्लीची तेले तशी गोठत नाहीत, उगाच झीज करू नका. मी पहिल्या पंथाचा, पण शास्त्रासाठी नव्हे. दर रविवारी दहा घड्याळांना किल्ली देतो. जनता सेकंदाला पाच ठोके टाकते. दहा घड्याळे एका टेबलावर चालू लागली की पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसा आवाज होतो. दीड दिवसाने एकेक थांबत जाते. सगळी एकाच वेळेला लावायचा नाद मी सोडला आहे.

आता मांडणीचा प्रश्न. कपाटात की हॉलमध्ये? 'लोकांना दाखवायचं कशाला?' हा आमच्या हिचा सवाल आणि त्यात तथ्य होते. पण लॉकरचा अनुभव गाठीशी होता. डोळ्यांसमोर नसलेल्या वस्तूची काळजी माणूस घेत नाही. शिवाय पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी तासन् तास घालवले आहेत. तिथले दिवे, दौती, अडकित्ते पाहताना दर वेळी मनात येते, हा नेमका कुणाच्या घरातला? कोण कातरत होते याने सुपारी? म्हणून मी घड्याळांची खतावणी ठेवली. जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर, 2007 पासून. अनुक्रमांक, नाव, कुणाकडून, कधी, किंमत, दुरुस्ती. माझ्यामागे मुलाने ती भंगारात दिली तरी काय देतो आहे ते त्याला कळावे.

त्यातली नोंद क्रमांक 14: एचएमटी जनता, 1987, खरेदी, रु. 150.

गेल्या पावसाळ्यात एक बाई घरी आल्या. कोकणातल्या ज्या शाखेत मी तरुणपणी होतो तिथल्या शिपायाची मुलगी. वडील वारले होते आणि आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद अडले होते. कुणीतरी माझा पत्ता दिला. फॉर्म भरून झाला. चहा येईपर्यंत त्या कपाटासमोर उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्याच नाहीत. मग वळून म्हणाल्या, 'काका, या घड्याळाच्या मागे भांड्यावर घालतात तसं नाव आहे का?'

होते. ठोक्याठोक्याने ठिपके पाडून नाव आणि लग्नाची तारीख घातली होती. पण तबकडी वर ठेवायच्या माझ्या शिस्तीत ते नाव मखमलीला टेकलेले असे. बाहेरच्या कुणाला ते दिसणे शक्य नव्हते.

1987 च्या त्या महिनाअखेरीला त्याची बायको दवाखान्यात होती. त्याने पैसे मागितले, मी दीडशे दिले. त्याने मनगटावरचे घड्याळ काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाला, 'हे राहू द्या तुमच्याकडे, साहेब.' पुढे माझी बदली झाली. घड्याळ ड्रॉवरमधून ड्रॉवरमध्ये माझ्याबरोबर फिरले आणि वीस वर्षांनी रजिस्टर लिहायला बसलो तेव्हा मी बिनदिक्कत 'खरेदी' असे लिहिले.

'बाबा नेहमी सांगायचे,' ती म्हणाली, 'घड्याळ साहेबांकडे ठेवलंय.'

ठेवलंय. विकलंय नव्हे. ज्या माणसाने पस्तीस वर्षे तारण आणि विक्री यांतला फरक खातेदारांना समजावून सांगितला, त्याला हा फरक सांगायची वेळ आली नसती तर बरे झाले असते. 'राहू द्या' या शब्दांचा अर्थ मी त्या दिवशी काय लावला होता, हे मला खरोखरच आठवत नाही. माझ्या सोयीचा लावला असणार.

मी काच उघडून घड्याळ तिच्या हातात दिले. तिने पर्समधून दीडशे रुपये काढले. मी ते घेतले. ती गेल्यावर आमची ही संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. पण नाकारले असते तर ते माझ्याकडून भेट झाली असती, आणि ते माझे नव्हतेच. रजिस्टरमध्ये 'खरेदी' खोडून 'तारण' केले, पुढे 'परत' लिहिले आणि सही केली. घड्याळजींनी तशीच दुसरी जनता शोधून देतो म्हटले, मी नको म्हणालो. चौदावा खण तसाच आहे.

दिवाळीत तिचा फोन आला. घड्याळ ती रोज वापरते. किल्ली कधी द्यायची? रोज सकाळी एका ठरावीक वेळी, मी सांगितले, आणि घट्ट लागली की थांबायचं. आणि रात्री काढून कुठे ठेवायचं? मोबाइलपासून लांब, मऊ कापडावर, आणि पालथं घालू नकोस, काचेला चरे पडतात.

'बाबा पालथंच ठेवायचे,' ती म्हणाली. 'नाव वर यायला हवं म्हणायचे. आधी काचेवर किती चरे होते, काका. ते कुठे गेले?'