येशू अभंगात कसा आला?

‘केवढे हे क्रौर्य!’ ही कविता तुम्ही वाचली असेल. नसेल, तर आईबाबांना विचारा, त्यांना ती नक्की आठवेल. कवी आहेत रेव्हरंड नारायण वामन टिळक. आता गंमत पाहा. आडनाव टिळक, जन्म १८६१ सालचा कोकणातला, आणि नावामागे ‘रेव्हरंड’, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशकाची पदवी! हे कसे काय? ते समजायला आधी थेट सतराशे वर्षे मागे जाऊ या.

आपल्याला वाटते, धर्मातले सगळे विचार पहिल्या दिवसापासून तयारच असतात, फळ्यावर लिहून दिलेल्या धड्यासारखे. तसे नसते, बरं का. येशू ख्रिस्त अरामी भाषेत बोलत. त्यांचे पहिले शिष्य ज्यू होते. पण शिकवण पसरली ती ग्रीक बोलणाऱ्या शहरांतून. तिथे लोक विचारू लागले, “देव एकच, तर मग येशू कोण?” एरियस नावाचा धर्मगुरू म्हणे, “पुत्राला देवाने निर्माण केले.” दुसरे म्हणत, “छे! पुत्रही देवच!” वाद पेटला. शेवटी सम्राट कॉन्स्टंटाइनने इ. स. ३२५ मध्ये नायसिया येथे परिषद बोलावली. हे गाव आजच्या तुर्कस्तानात आहे. तिथे एक ग्रीक शब्द ठरला. त्याचा अर्थ, पिता आणि पुत्र एकाच तत्त्वाचे आहेत. या एका शब्दापायी एरियसला देश सोडावा लागला. शब्दाची बाजू घेणाऱ्या अथनेशियसवर तर पुढे पाच वेळा हद्दपारी आली! इ. स. ३८१ च्या परिषदेत पवित्र आत्म्याविषयीही लिहिले गेले. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच, या विचाराला मराठीत ‘त्रैक्य’ म्हणतात.

भाषा बदलली की शब्दांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. जर्मनीत मार्टिन ल्यूथरने १५२२ साली नवा करार लोकांच्या भाषेत आणला. आपल्याकडे १५७९ साली फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू गोव्याला आले. ते मराठी शिकले आणि त्यांनी चक्क ओव्यांत येशूचे चरित्र लिहिले! १६१६ साली छापलेले हे ‘क्रिस्तपुराण’ सुमारे अकरा हजार ओव्यांचे आहे. स्वर्गाला त्यांनी कोणता शब्द वापरला असेल? वैकुंठ! ऐकणाऱ्याला लगेच कळावे म्हणून.

आता येऊ आपल्या नागपूरकडे. टिळक इथे संस्कृत ग्रंथांच्या भाषांतराचे काम करत होते. १८९३ साली ते नागपूरहून रेल्वेने राजनांदगावला निघाले. डब्यात एक युरोपीय प्रवासी भेटला. संस्कृत काव्यावर गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांना नवा करार दिला. त्यातले येशूचे डोंगरावरचे प्रवचन टिळकांच्या मनाला भिडले. खूप वाचन आणि विचार करून त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

आणि घर मोडले. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. पुढे त्या टिळकांजवळ आल्या, पण आपले सोवळेओवळे त्यांनी सोडले नाही. नवरा म्हणतो म्हणून त्यांनी काहीच मानले नाही. एकदा त्या स्वतःच विचार करू लागल्या, की जाती देवाने केल्या की माणसाने? उत्तर मिळाले, तेव्हा त्यांनी कुणाच्याही हातचे पाणी प्यायचे ठरवले. १९०० साली त्याही ख्रिस्ती झाल्या. हे सारे त्यांनी ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकात हसतखेळत सांगितले आहे.

टिळकांनी धर्म बदलला, पण मराठी सोडली नाही. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, असे ते म्हणत. त्यांच्या अभंगांत येशू गुरू झाला, आई झाला. ‘आई’ हा शब्द नायसियाच्या परिषदेला सुचला नव्हता! पण वारकऱ्यांच्या घरात विठूला माउली म्हणतातच ना? १९१७ साली टिळकांनी मिशनचे काम सोडले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. १९१९ साली ते वारले. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरेच राहिले होते. ते पुढे नेले कुणी? लक्ष्मीबाईंनी! शाळेत न गेलेल्या या बाईंनी साठाहून अधिक अध्याय लिहिले. त्याच काळात केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सबंध बायबल सोप्या मराठीत आणत होत्या. १९२२ साली, मृत्यूपूर्वी त्यांनी ते पुरे केले.

कुणी वैकुंठ म्हटले, कुणी माउली म्हटले. त्यामुळे मूळ अर्थ बदलतो का? की तो आपल्याला नव्याने कळतो? विद्वान यावर अजूनही वाद घालतात. तुम्हीही घरी विचारून पाहा. आणि कधी नागपूरहून रायपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, तर वाटेत राजनांदगाव लागेल. शेजारच्या प्रवाशाशी जरूर बोला. मात्र मत बनवताना लक्ष्मीबाईंसारखे स्वतःच्या डोक्याने बनवा!