शाळेचा मळा आणि उद्याचे पुढारी

शाळेत शेती शिकवावयाची ती कशासाठी, असा प्रश्न खेड्यातील पालक पुष्कळदा विचारतात. कुदळ मारण्यास पोर घरीही शिकते, शाळेत त्याने चार अक्षरे गिरवावीत, हे त्यांचे म्हणणे अगदीच गैर नाही. मुलांकडून नुसते पाणी घालून व तण काढून घेतले, तर त्यास वेठच म्हणावे लागेल. मळ्यातील कामाची आखणी, नोंद व हिशेब मुलांच्या हाती आला म्हणजे खऱ्या शिक्षणास आरंभ होतो आणि त्यातूनच गावाला जबाबदार पुढारी मिळतात.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिने नेमलेल्या डॉ. झाकीर हुसेन समितीने मूलोद्योगांत सूतकताई-विणकामाबरोबर शेतीलाही स्थान दिले. सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत मुले भाजीपाला पिकवीत, स्वयंपाकघर चालवीत आणि आपल्यातूनच निवडलेल्या ‘मंत्र्यां’कडून सभेत कामाचा हिशेब घेत. पुढे १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे आखलेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीचे विद्यार्थी आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करून शिकतात. शेती व पशुपालन हा त्याच्या चार विभागांपैकी एक होय.

अशा शिक्षणाचा गावास प्रत्यक्ष लाभ कसा होतो, हे सोयाबीनच्या बियाण्यावरून ध्यानात येईल. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी राज्यात मोठ्या संख्येने आल्या. दुबार पेरणी म्हणजे बियाण्याचा दुप्पट खर्च आणि हातचा गेलेला हंगाम. घरच्या बियाण्याची उगवणशक्ती मात्र शाळकरी मुलेही तपासू शकतात.

त्याची रीत सोपी आहे. निवड न करता पोत्यातील शंभर दाणे मोजून घ्यावेत. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी, दोन दाण्यांत थोडे अंतर राखून मांडाव्यात. वर दुसरे ओले गोणपाट घालून गुंडाळी करावी, ती सावलीत ठेवावी व ओल टिकवावी. सहा-सात दिवसांनी निकोप कोंब मोजावेत. असे तीनदा करून सरासरी काढावी. सत्तर वा अधिक दाणे उगवले, तर एकरी ३० किलो बियाणे पुरते. त्याखाली दर एक टक्क्यास अर्धा किलो बियाणे वाढवावे. साठापेक्षा कमी उगवण असलेले बियाणे पेरू नये.

ही चाचणी सुटी लागण्यापूर्वी शाळेत घ्यावी. पाच-सहा मुलांचा एक गट करून प्रत्येक गटाने काही घरांचे बियाणे तपासावे. पेरणीच्या आधी हीच मुले आपापल्या घरी चाचणी पुन्हा घेतील, कारण साठवणीत उगवणशक्ती घटू शकते. गटप्रमुखाने सर्वांचे आकडे, आपल्या वडिलांच्या बियाण्याचासुद्धा, पालकांच्या सभेत वाचून दाखवावेत. आकडा कोणास रुचो वा न रुचो, तो जसाच्या तसा सांगणे आणि विचारल्यास पुराव्यानिशी पटवून देणे, ही पुढारीपणाची पहिली इयत्ता होय.

गटप्रमुखपद दर महिन्यास पाळीने बदलावे. मुलींच्या वाट्यास केवळ पाणी घालणे व सारवणे न येता नोंदवही आणि हिशेबही यावा. एखादा वाफा वाळला, तर शिक्षकाने तो घाईने नव्याने लावून देऊ नये. ओल किती होती, कीड कोणती पडली, पाळी कोणाची चुकली, हे मुलांनीच नोंदींवरून शोधावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने महिन्यातून एकदा तरी शाळेच्या मळ्यास भेट द्यावी. मुलांची वही पाहावी, प्रश्न विचारावेत, उत्तर सांगण्याची घाई करू नये. जे मूल आज शंभर दाणे प्रामाणिकपणे मोजते, त्याच्या हाती उद्या सहकारी सोसायटीचे दप्तर वा ग्रामपंचायतीचा कारभार सोपविताना गावास संकोच वाटणार नाही.